दुखणं पाठीचं, चिठ्ठी मात्र सायकॉलॉजिस्टची

प्रश्न : मॅडम, मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, वय ४३. दीड वर्षापूर्वी रात्री बागेतून येताना मोटरसायकल घसरली, पाठीवर आपटलो. हाड मोडलं नाही. एमआरआयमध्ये 'एल-४, एल-५ डिस्क बल्ज' आला, म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगलेली. गोळ्या, शेक, ट्रॅक्शन सगळं झालं. कमरेचा पट्टा तेव्हापासून आहे तो आहेच. वाकलं की आत काहीतरी तुटेल असं वाटतं. या ऑक्टोबरची छाटणी सगळी गड्यांकडून करून घेतली, मी बांधावर खुर्ची टाकून बसलो. एखाद्या दिवशी बरं वाटलं तर चार ओळी उरकतो, मग तीन दिवस अंथरूण. रात्री दोनला जाग येते आणि सोसायटीच्या कर्जाचा हिशेब सुरू होतो. संध्याकाळी थोडी घेतली की दुखणं विसरतं. आठवड्यातून चार दिवस तरी होतंच. आता हाडाचे डॉक्टर म्हणतात, "पाठीत काही राहिलं नाही, सायकॉलॉजिस्टना भेटा." एक गोळी लिहून दिली, ड्युलोक्सेटिन. मोबाईलवर बघितलं तर डिप्रेशनची निघाली. दोन दिवसांत बंद केली. मी नाटक करतोय असं त्यांना वाटतं का? माझ्यासारख्याला याचा उपयोग होतो, का नुसता पैसा जायचा? आणि गावात काय सांगू? (कधी कधी वाटतं, यापेक्षा सुटलेलो बरं. पण ते जाऊ द्या.)

उत्तर : कंसातलं वाक्य तुम्ही 'जाऊ द्या' म्हणून सोडलंत. मी तिथूनच सुरुवात करते.

दीड वर्षं दुखणं उशाशी घेऊन झोपणाऱ्या माणसाच्या मनात असा विचार येतो, आणि मी तो आठवड्यातून एकदा तरी कुणाच्या तरी तोंडून ऐकते. लाजू नका, पण मनात दाबूनही ठेवू नका. घरातल्या एका माणसाला, बायको असो की भाऊ, हे वाक्य जसंच्या तसं सांगा. फवारणीची औषधं ज्या खोलीत आहेत तिची किल्ली त्या माणसाकडे द्या आणि फवारणी असेल तेव्हा मागून घ्या. रात्री दोनला तो विचार येऊन मुक्कामच करायला लागला, तर १४४१६ हा नंबर लावा. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. कसं करायचं हेही डोक्यात ठरायला लागलं, तर फोनवर भागवू नका. घरच्यांना उठवा आणि जवळचं रुग्णालय गाठा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तो मला विचारणं म्हणजे दागिना करू का असं सोनाराला विचारण्यासारखं आहे. मी वीस वर्षं याच कामात आहे, सांगलीत फिजिओच्या खोलीला लागूनच माझी खोली आहे. तेव्हा माझं उत्तर थोडं घासूनच घ्या.

डॉक्टरांना तुम्ही नाटकी वाटत नसाल. त्यांचं एक वाक्य मात्र फसलं. "पाठीत काही राहिलं नाही" याचा अर्थ ऑपरेशन करण्यासारखं काही राहिलं नाही. ऐकणाऱ्याला ते 'तुम्हाला काही झालेलंच नाही' असं ऐकू येतं. या एका वाक्यानं दुखावलेली माणसं माझ्या खुर्चीत पहिली वीस मिनिटं हाताची घडी घालून बसतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ मध्ये वेदनेची जी व्याख्या केली, तिच्यात संवेदना आणि भावना हे दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत. २०२० मध्ये व्याख्या सुधारली तेव्हाही ते दोन्ही राहिले. म्हणजे मन मध्ये आलं की दुखणं खोटं, असं कुणी म्हणत नाही.

तुम्हाला हे पुस्तकाशिवाय कळेल. छाटणीच्या घाईत कात्रीनं बोट कापतं आणि ते ओळ संपल्यावर, रक्त बघितल्यावर ठणकायला लागतं. तेच बोट रिकामं बसलेलं असताना कापलं तर? मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलं, की मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला जणू एक दार असतं आणि मेंदू वरून ते थोडं उघडू किंवा लोटू शकतो. पुढे त्यातले तपशील बदलले, कल्पना टिकली. ठिबक यायच्या आधी तुमच्याकडे रात्री पाण्याची दारं धरत असतील ना? तसंच समजा. भीती, जागरण आणि कर्जाचा हिशेब हे तिघं दार उघडं धरून बसतात.

एमआरआयचं म्हणाल, तर ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशांचेही एमआरआय काढून बघितले गेले आहेत. चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांत डिस्क फुगलेली दिसते. तुमची डिस्क अपघातात फुगली की आधीचीच होती, हे फोटो सांगत नाही. 'बल्ज' या शब्दानं तुमच्या मनात काय चित्र उभं केलंय, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. "आत काहीतरी तुटेल" असं तुम्ही लिहिलंत, ते त्याच चित्रातून आलंय.

तुमच्यासाठी हे आहे की नाही, ते तुमच्याच पत्रात सापडतं. दीड वर्षं न सुटलेला पट्टा, तुटण्याची भीती, चार ओळी आणि तीन दिवस अंथरूण, रात्रीचे दोन, संध्याकाळची 'थोडी', आणि कंसातलं ते वाक्य. याच्यावर आमच्याकडे करण्यासारखं काम आहे. पत्रात नुसतं "पाठ दुखते, पण बाग मीच बघतो, झोप लागते" असं असतं, तर मी म्हटलं असतं, चालत राहा, फिजिओचे व्यायाम करा, माझ्याकडे कशाला येता! तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं प्रत्येक दुखणं माझ्या दारात यायलाच पाहिजे असं मला वाटत नाही.

होतं काय, तेही सांगते, कारण लोकांना वाटतं लहानपणचं काहीतरी उकरून काढतील. माझ्या खोलीत फिजिओनं एक रिकामा प्लास्टिकचा कॅरेट आणून ठेवलाय, द्राक्षं भरतात तोच. तुमच्यासारखा माणूस आला की तिसऱ्या-चौथ्या भेटीत मी विचारते, हा उचलला तर पाठीत काही तुटेल, असं शंभरातलं किती वाटतं? "नव्वद." फिजिओ शेजारी उभा असतो. माणूस श्वास रोखून, दात आवळून, गुडघे न वाकवता उचलतो. काही तुटत नाही. दुखतं मात्र, ते मी नाकारत नाही. पुन्हा, आता श्वास सोडत. पाचव्या वेळेला आकडा विचारला की "साठ असेल" असं म्हणून स्वतःच हसतो. पुढच्या आठवड्यात कॅरेटमध्ये दोन किलो वजन. असंच पट्ट्याचं : आधी घरात अर्धा तास काढायचा, मग चहाच्या टपरीपर्यंत. आणि चार ओळींच्या ऐवजी मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर. बरं वाटत असलं तरी गजर झाला की कात्री खाली. बागायतदारांना यातलं हेच सगळ्यात अवघड जातं, कारण ओळ अर्धी सोडणं त्यांच्या रक्तात नसतं.

(गेल्या वर्षी माझाच खांदा जखडला, तेव्हा मी सहा आठवडे हात पोटाशी धरून फिरले. दिवसभर इतरांना जे शिकवते त्यातलं एकही केलं नाही. फिजिओनं एक दिवस तो कॅरेट माझ्यासमोर आणून ठेवला.)

आता पैशाचं, म्हणजे उपयोगाचं. दीर्घ दुखण्यावरच्या मानसोपचाराच्या ७५ चाचण्या एकत्र तपासलेला एक मोठा आढावा २०२० मध्ये आला. विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीनं वेदना, हालचाल आणि मनाचा त्रास या तिन्हींत फरक पडतो, पण तो सरासरीनं लहान असतो, असं त्यात दिसलं. म्हणून दुखणं शून्य व्हावं एवढ्याच अटीवर येणार असाल तर येऊ नका, निराश व्हाल. "यंदा एप्रिलच्या छाटणीला मी रोज तासभर तरी बागेत असेन" अशा हिशेबानं येणार असाल तर चार भेटी द्या. चार भेटींनंतर दुखण्याचा आकडा मोजू नका. पट्टा किती तास सुटला, रात्री किती झोपलात, ओळी किती झाल्या, हे मोजा. त्यात काहीच हललं नाही तर तसं तोंडावर सांगा आणि उपचार बदलून मागा.

गोळीचं : ड्युलोक्सेटिन डिप्रेशनवर देतात, तसंच जुनाट दुखण्यावरही देतात. तिच्यामुळे तुमच्यावर कुठला शिक्का बसत नाही. पुन्हा सुरू करायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना संध्याकाळच्या 'थोडी'चं खरं माप सांगा. दारू आणि ही गोळी एकत्र यकृताला जड जातात. दारू रोज लागायला लागली असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी डॉक्टर, मग मी. आणि दारू एकदम स्वतःहून तोडू नका, तेही धोक्याचं असतं.

जिथे जाल तिथे भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा. फोनवरच विचारा : दुखण्याचे रुग्ण बघता का, आणि माझ्या फिजिओशी बोलाल का? दुसऱ्या प्रश्नाला "गरज नाही" असं उत्तर आलं तर दुसरं दार बघा.

गावात फिजिओकडे चाललोय म्हणून सांगा. ते खोटंही नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. आठ दिवसांपूर्वी सिमेंटचं पोतं उचलताना मिस्टरांची (वय ५२) कंबर धरली. दुखणं दोन्ही पायांत उतरतंय. दोन दिवसांपासून बसायच्या जागी बधिर वाटतं म्हणतात, लघवीलाही बराच वेळ लागतो. नात्यातले सगळे म्हणतात, मुलीच्या लग्नाचं टेन्शन आहे. त्यांच्यासाठी चांगला समुपदेशक सुचवाल का?

उत्तर : संपादकांनी हे पत्र व्हॉट्सअपवर पुढे पाठवलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. अंक निघायची वाट न बघता मी त्यांना फोन केला : समुपदेशक नको, आत्ता गाडी काढा आणि जिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत अशा रुग्णालयात जा. कंबरदुखीबरोबर बसायच्या जागी बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा बिघडणं किंवा पायातली ताकद जाणं म्हणजे मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबत असण्याची शक्यता. तिथे तासातासाचा हिशेब असतो. कुणाच्या मनात कितीही टेन्शन असलं तरी अशा वेळी मनाचं नाव काढायचं नाही. तेच मणक्यावर आघात झाल्यावर, किंवा कंबरदुखीबरोबर ताप आणि घटणारं वजन असेल तेव्हाही : आधी शरीराची तपासणी पुरी, मग बाकीचं.

त्यांनी मला उत्तर छापायची परवानगी दिली आहे. त्याच रात्री एमआरआय झाला, पहाटे शस्त्रक्रिया. लघवीची नळी निघाली, डावं पाऊल अजून थोडं घासतं. परवा बाईंचा पुन्हा फोन आला. मिस्टर रात्री उठले की त्यांच्या मागोमाग जाऊन बाथरूमच्या दाराशी कान लावून उभी राहते, म्हणाल्या, महिना झाला तरी. मिस्टरांसाठी समुपदेशक बघू का, असं त्या पुन्हा विचारत होत्या. मी त्यांना बुधवारी अकराची वेळ दिली आहे, त्यांना एकट्यांना.