गॅरेजात जड रॅक बसवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (पिंपरी-चिंचवड): चाकणच्या एका गोदामातले जुने पॅलेट रॅक मिळताहेत. फ्रेम 3.6 मीटर उंच आणि 1000 मिमी खोल, बीम 2700 मिमी. आमचं गॅरेज आतून 10 फूट रुंद, 18 फूट लांब, छत 9 फुटांवर. चार मीटरच्या आतली गाडी रोज आत असते. मागच्या भिंतीला हे रॅक बसतील का? काय काय कापावं लागेल?

उत्तर: बसतील. फ्रेमची, म्हणजे दोन उभे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या यांची, उंची कापता येते, खोली कमी करता येते. बीमला, म्हणजे दोन फ्रेमना जोडून वजन पेलणाऱ्या आडव्या दांड्याला, मात्र हात लावायचा नाही.

आधी जागेचा हिशेब. 18 फूट म्हणजे 5486 मिमी. गाडीचे 4000 वजा केले की 1486 उरतात. 1000 मिमीचा रॅक तसाच उभा केलात तर शटर आणि रॅकच्या फटी धरून 486 मिमी हातात राहतात. त्यात माणूस सामान घेऊन वळू शकत नाही आणि डिकीही धड उघडत नाही. खोली 600 केली तर 886 राहतात. शटरकडे 200 सोडून उरलेल्या जागेत आरामात वावरता येतं.

रुंदीत बीम 2700 आणि दोन्ही खांब प्रत्येकी साधारण 90 मिमीचे, म्हणजे 2880. तुमच्याकडे 3048 आहेत. तरी भिंत ते भिंत हे माप तळाला, कमरेला आणि वर असं तीनदा घ्या आणि सर्वांत लहान आकडा खरा धरा. प्लास्टर एकसारखं नसतं, शिवाय तळाला स्कर्टिंगची फरशी दोन्हीकडून सेंटिमीटरभर आत येते.

उंचीत बहुतेक जण फसतात. छत 9 फुटांवर असलं तरी मागच्या भिंतीवर आरसीसी बीम नऊ ते बारा इंच खाली उतरलेला असतो, तेव्हा माप त्याच्या तळापर्यंत घ्या. त्यानंतर टेप लावून सरसकट 2200 वर फ्रेम कापू नका. फ्रेममधल्या आडव्या आणि तिरप्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, कुठे जोडल्या आहेत ते पाहा. समजा पहिली आडवी पट्टी जमिनीपासून 150 वर आहे आणि पुढे दर 600 वर एक, तर सांधे 150, 750, 1350 आणि 1950 वर येतात. अशा फ्रेमची कापाची जागा 2050, शेवटच्या आडव्या पट्टीच्या शंभरेक मिमी वर. 2200 वर कापलंत तर एक तिरपी पट्टी मध्येच तुटते आणि वरचा तुकडा नुसत्या दोन खांबांवर राहतो. कापायचं नेहमी वरच्या टोकाला. तळाला बेसप्लेट आहे आणि सगळा भार तिथूनच जमिनीत जातो.

खोली कमी करण्याचं काम नीट समजून घ्या. बहुतेक पॅलेट फ्रेमची ब्रेसिंग बोल्टने बसवलेली असते, वेल्डने नाही, म्हणून हे शक्य आहे. बोल्ट काढा, पट्ट्या छोट्या करा, नवी भोकं पाडा, पुन्हा कसा. चूक होते ती इथे: 1000 चे 600 करायचे म्हणून कारागीर सगळ्याच पट्ट्यांतून 400 मिमी काढतो. आडव्या पट्टीला ते बरोबर आहे, तिरपीला नाही. भोकापासून भोकापर्यंतचं अंतर 1000 च्या फ्रेममध्ये 940 असेल, तर 600 च्या फ्रेममध्ये ते 540 होईल. उभं अंतर 600 तसंच राहतं. मग तिरपी पट्टी आधी 1115 होती (940 आणि 600 च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ), आता 807 हवी. म्हणजे कमी करायचे 308 मिमी. 400 काढलेत तर पट्टी भोकांपर्यंत पोचतच नाही. मग लोक खांब ओढून बोल्ट अडकवतात, फ्रेम पिळते आणि पुढे बीमचे आकडे (हुक) भोकांत बसत नाहीत. आपल्या फ्रेमची खरी अंतरं मोजा, हाच हिशेब करा, एक पट्टी कापून लावून बघा आणि मगच बाकीच्यांना हात घाला. मूळ बोल्ट गंजलेले असतील तर त्याच जाडीचे नवे घ्या.

बीम का कापायचा नाही? त्याच्या टोकाचा आकड्यांचा कनेक्टर कारखान्यात जिगमध्ये, म्हणजे पक्क्या साच्यात, धरून वेल्ड केलेला असतो. बीमचा पत्रा पातळ, गल्लीतल्या वेल्डिंग मशीनने तो सहज जळून भोक पडतं. कनेक्टर जरासा तिरका बसला की चारपैकी दोनच आकडे खरा भार घेतात. बीमवरचं सगळं वजन त्या आकड्यांवर लटकलेलं असतं. लांबी जमत नसेल तर त्याच कंपनीचे छोटे बीम शोधा. वेगळ्या कंपनीचा बीम भोकात शिरला तरी वापरू नका. कुठे भोकं 50 मिमीवर असतात, कुठे 75 वर, आणि आकड्याचा आकारही वेगळा असतो.

जुना माल घेताना सरळ पट्टी सोबत न्या. खांबावर एक मीटरची पट्टी टेकवून मध्ये फट बघा. बीमच्या दिशेने 5 मिमीपेक्षा जास्त किंवा खोलीच्या दिशेने 3 मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर तो खांब नको. ब्रेसिंगच्या पट्टीला 10 मिमीपर्यंत चालतो. फोर्कलिफ्टचा फटका जमिनीपासून पहिल्या दीड-दोन फुटांत बसतो, तिथे बोट फिरवून पाहा. आकड्याच्या मुळाशी केसासारखी चीर, ताणून लांबट झालेलं भोक, ठोकून सरळ केलेला खांब, यांपैकी एकही दिसलं तर तो भाग सोडा, वजनावर कितीही स्वस्त मिळत असला तरी. आणि प्रत्येक बीमच्या दोन्ही टोकांच्या सेफ्टी पिना मोजून घ्या. त्या हमखास कमी असतात. पिन नसेल तर खालून धक्का लागून बीम उचलला जातो आणि सुटतो.

कापायच्या वेळी गाडी बाहेर काढा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत आणि रंगात रुततात, पुसून जात नाहीत. कापलेल्या कडा कानशीने घासून झिंक प्रायमरचे दोन हात द्या.

फळीसाठी 18 मिमी प्लाय. 8 बाय 4 फुटांच्या शीटमधून 1220 बाय 610 चे चार तुकडे निघतात. 600 खोलीला ते करवतीच्या कापासकट बसतात. एका खणाला असे दोन तुकडे आणि उरलेल्या 260 मिमीला एक पट्टी. तीन खणांना सहा तुकडे आणि तीन पट्ट्या, म्हणजे दोन शीट पुरतात आणि एक आख्खा तुकडा शिल्लक राहतो. खाली आडवे बार 610, 1220, 1830 आणि 2440 वर द्या, कारण प्लायचे सांधे 1220 आणि 2440 वर येतात आणि ते हवेत राहता कामा नयेत. बीमच्या जोडीवर भाराचं लेबल असेल तर तो आकडा पाळा. तो सगळीकडे सारखं पसरलेल्या वजनाचा असतो, मध्यावर ठेवलेल्या एका इंजिनचा नाही. लेबल नसेल तर आमच्या मते एका खणावर 300 किलोच्या वर जाऊ नये.

शेवटी जमीन. गॅरेजला पाणी बाहेर जावं म्हणून शटरकडे उतार असतो. 100 ला 1 धरला तर 600 मिमीमध्ये 6 मिमी फरक पडतो. पुढच्या बेसप्लेटखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे, म्हणजे शिम, देऊन ओळंबा लावा. लाकडाची पाचर नको, ती दबते. फरशीचा तुकडाही नको, तो फुटतो. अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून पकड धरणारा बोल्ट, नुसत्या शहाबादी फरशीत नाही, खालच्या काँक्रीटमध्ये जाईल इतका लांब घ्या. ड्रिलचं बिट फास्टनरच्या पाकिटावर लिहिलेल्या व्यासाचंच वापरा आणि भोकातली धूळ फुंकून काढा. धुळीत बसवलेला फास्टनर कसताना घट्ट वाटतो, पण पकड धरत नाही.

प्रश्न (नाशिक): दुकानातले जुने स्लॉटेड अँगलचे (ओळीने भोकं असलेल्या लोखंडी अँगलचे) रॅक गॅरेजात आणले. 3 फूट लांब, 2 फूट खोल. वर रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या ठेवल्या आणि फळ्या मध्ये वाकल्या. जाड पत्र्याच्या फळ्या टाकल्या तर भागेल का?

उत्तर: आधी वजन बघा. 20 लिटर इमल्शनची बादली साधारण 27-28 किलो भरते. 3 बाय 2 फुटांच्या फळीवर अशा सहा बादल्या मावतात, म्हणजे 165 किलोच्या आसपास. 22 गेजची, म्हणजे पातळ पत्र्याची, फळी फायली आणि खोक्यांसाठी असते.

नुसती जाड फळी पुरत नाही, कारण फळीचा भार शेवटी चार कोपऱ्यांच्या बोल्टवर येतो. प्रत्येक फळीच्या पुढच्या-मागच्या कडेखाली उभ्या अँगलना जोडणारा आडवा अँगल टाका आणि फळी त्यावर टेकू द्या. फळीखाली मध्यावर खोलीच्या दिशेने एक आडवी पट्टी द्या. लांबीचा परिणाम लक्षात असू द्या. तेच वजन 3 ऐवजी 4 फूट लांबीवर ठेवलं तर वाक 2.4 पट होतो, दुप्पट लांबीवर आठपट. म्हणून 4 फुटी रॅक घेण्याऐवजी 3 फुटी दोन घ्या.

कोपऱ्याच्या त्रिकोणी प्लेट सगळ्यांत खालच्या आणि वरच्या फळीला आठही कोपऱ्यांत हव्यात. दुकानातून उचलताना त्या बऱ्याचदा तिथेच राहतात आणि मग रॅक डुलतो. मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी मारलीत तर डुलणं तिथेच थांबतं. बादल्या सर्वांत खालच्या फळीवर, रिकामे डबे वर.

प्रश्न (चिपळूण): भिंत जांभ्या दगडाची आहे. रॅक भिंतीला बांधायला फास्टनर मारला तर दगड भुगा होऊन निघतो. गंजही फार लवकर चढतो.

उत्तर: जांभ्यात फुगणारा फास्टनर मारू नका. तो बाजूला दाब देऊन पकड धरतो आणि जांभा तो दाब सोसत नाही. भिंत आरपार छेदता येत असेल तर थ्रेडेड (आट्यांचा) रॉड आणि भिंतीच्या दुसऱ्या बाजूला 100 बाय 100 ची लोखंडी प्लेट हा सर्वांत खात्रीचा उपाय. ते शक्य नसेल तर केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकट मसाला भरून बसवायचा रॉड, वापरा. भोक ब्रशने साफ करा आणि मसाला सुकायला पाकिटावरचा पूर्ण वेळ द्या. भिंतीला बांधणं तुमच्याकडे टाळू नका. कोयनेचा परिसर जवळ आहे आणि 1967 च्या भूकंपानंतरही तिथे धक्के बसत आले आहेत. रॅकची उंची खोलीच्या चौपटीहून जास्त असेल तर बांधल्याशिवाय भरूच नये.

गंज सुरू होतो तो कापलेल्या कडांपासून, भोकांपासून आणि रॅकच्या पायाखालच्या प्लॅस्टिकच्या बुटांत साचलेल्या पाण्यापासून. बूट काढून लोखंडी बेसप्लेट लावा. नवा माल घ्यायचा असेल तर पावडर कोटिंगपेक्षा गॅल्व्हनाइज्ड घ्या. भिंत आणि रॅक यांच्यात तीन-चार इंच मोकळे ठेवा, हवाही खेळते आणि वाळवीची माती चढली तर दिसते. 2021 च्या जुलैत तुमच्या गावात पुराचं पाणी कुठवर चढलं होतं ती खूण घरात कुणाला तरी नक्की माहीत असेल. इन्व्हर्टरची बॅटरी आणि मोटार त्या खुणेच्या वर असावी. 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी 50 किलोच्या वर भरते, तेव्हा त्या खणाला दुहेरी अँगल द्या.

प्रश्न (ठाणे): सोसायटीत पोडियमवर, म्हणजे खालच्या मजल्यावरच्या सामाईक स्लॅबवर, पार्किंग आहे. गाडीमागे दोन जड रॅक ठेवले तर चालेल?

उत्तर: दोन अडचणी आहेत. पहिली वजनाची. 2.5 टनांपर्यंतच्या गाड्यांच्या पार्किंगसाठी आयएस 875 (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या भाग 2 प्रमाणे स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 250 किलोंना धरलेला असतो. 3 बाय 2 फुटांच्या रॅकवर चार खणांत 150-150 किलो ठेवले तर त्याच्या पायाखालच्या जागेवर हा आकडा 1000 च्या पुढे जातो. एका रॅकने स्लॅब कोसळणार नाही, गाडीची चाकंही भार एका ठिकाणीच देतात. पण गाडी आणि ओळीने रॅक हे दोन्ही मिळून किती चालेल हे सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. पोडियमच्या स्लॅबला भोक मारून अँकर लावू नका, वॉटरप्रूफिंग फाटून खालच्या मजल्यावर गळती लागते.

दुसरी अडचण हक्काची. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यात गॅरेज म्हणजे छत आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. खांबांवरचं खुलं पार्किंग त्यात येत नाही, आणि असं इमारतीखालचं खांबांमधलं, म्हणजे स्टिल्ट पार्किंग सामाईक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय तिथे कायमचं काही उभं करू नका. रंग, थिनर, पेट्रोलचे कॅन तर परवानगी मिळाली तरी तिथे ठेवू नयेत.

प्रश्न (कोल्हापूर): रॅकला चाकं लावली तर झाडायला सोपं जाईल. उद्यमनगरात चाकं मिळतात. कोणती घ्यावीत?

उत्तर: कमरेच्या उंचीपर्यंतच्या रॅकला लावा, त्याहून उंच रॅकला नको. रॅक आणि सामान मिळून 300 किलो असतील तर प्रत्येक चाक 75 किलोचं न घेता किमान 100 किलोचं घ्या, कारण उंचसखल जमिनीवर एक चाक उचललं गेलं की भार तिघांवर येतो. दोन चाकं ब्रेकची हवीत आणि ती उताराच्या खालच्या बाजूला. अँगलच्या टोकाला थेट चाक जोडू नका. खाली 40 बाय 40 च्या चौकोनी पाइपची चौकट करून तिला 5 मिमी प्लेट वेल्ड करा आणि चाक त्या प्लेटला चार बोल्टांनी बसवा.