शिक्क्याचं सागवान घ्यावं का?

प्रश्न : जुळे सोलापुरात घर बांधतोय. वखारवाले म्हणतात चौकटींना एफएससीचं सागवान घ्या, थोडं महाग पडेल. घ्यावं का?

उत्तर : घ्या की, पण आधी बिल बघा. एफएससी म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल, जंगलं सांभाळून लाकूड काढायचे नियम ठरवणारी १९९३ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था. जंगल न उजाडता आणि तिथल्या लोकांचे हक्क सांभाळून तोड होतेय का हे बाहेरचे ऑडिटर तपासतात, आणि पुढं जंगलापासून वखारीपर्यंत माल ज्याच्या ज्याच्या मालकीचा होतो त्या प्रत्येकाकडं सर्टिफिकेट लागतं, मधला एक जरी गळाला तरी तो माल एफएससीचा म्हणून विकता येत नाही. म्हणून बिलावर वखारीच्या सर्टिफिकेटचा कोड हवाच, ऑनलाइन फुकट तपासता येतो. नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका राव. आणि हो, सर्टिफिकेट म्हणजे टिकाऊपणाची गॅरंटी नव्हे, वाळवी काय कागद बघत नाही, तेव्हा गाभ्याचं, नीट वाळलेलं लाकूड वेगळं बघून घ्या.