‘आमच्याशी बोलत नाही, सायकलवाल्या काकांशी बोलतो’

दहावीतला मुलगा. घरी काही विचारलं की ‘काही नाही’, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात मात्र दोन-दोन तास. ‘आमचं काय चुकलं?’ हा आईचा प्रश्न. त्यात काळजीपेक्षा दुखावलेपण जास्त होतं.

घरच्यांनी आधी एक उपाय करून पाहिला होता. नात्यातल्या इंजिनिअर दादाला ‘याला जरा मार्गदर्शन कर’ म्हणून सांगितलं. दोन रविवारांत कारभार आटोपला. भेटल्या भेटल्या ‘प्रिलिमला गणितात किती?’ असं विचारलं, तर तिसऱ्या रविवारी कोण जाईल?

दुकानात काय होतं? पंक्चर शोधायला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. नजर पाण्यात, हात ओले. समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही. गणितात नापास झाल्याचं आणि प्रगतिपुस्तकावर आईची सही आपणच ठोकल्याचं त्यानं तिथंच सांगितलं. काकांनी ‘घरी कधी सांगणार?’ एवढंच विचारलं आणि ट्यूब घासायला कानस पुढे केली.

मुलानं ओळखीतलाच मोठा माणूस स्वतः निवडायचा, ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या, शाळा अर्धवट सोडलेल्या १६ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात ५ महिने निवासी शिक्षण आणि पुढे वर्षभर अशा माणसाची साथ असते. नेदरलँड्समध्येही ही पद्धत वापरतात. आधीची ओळख असल्यानं विश्वास शून्यापासून कमवावा लागत नाही.

इथेही मुलालाच विचारलं, ‘रात्री अकराला अडकलास आणि घरी सांगायची सोय नाही, तर फोन कुणाला?’ उत्तर ठरलेलंच होतं. मग नियम ठरवायच्या बैठकीला काकांना बोलवायचं कामही त्याच्याकडेच दिलं. आईनं बोलावलं असतं तर ते आईचे झाले असते. ठरलं ते असं: आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी सातपर्यंत, रस्त्यावरच्या उघड्या दुकानातच. पैशांची देवघेव नाही. बोललेलं काकांपाशी राहील. जिवाला धोका, कुणाकडून छळ किंवा नशा असेल तर मात्र घरी कळवायचं, आणि ते मुलाला आधी सांगूनच.

पालकांनी घाबरावं ते वेगळ्या गोष्टींना. ‘हे घरी सांगू नकोस’, बंद खोली, महागड्या भेटी, रात्रीचे मेसेज, आई-बापाविषयी सतत विष कालवणं. यातलं काही दिसलं तर भेटी तिथंच थांबवा आणि मुलाशी शांतपणे, न रागावता बोला. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास मोफत असते.

या मुलाच्या बाबतीत गाडी अडली ती भलतीकडेच. आई रोज काकांना फोन करून ‘आज काय म्हणाला?’ विचारू लागली. मुलाला ते कळलं आणि त्यानं दुकानाकडे फिरकणंच सोडलं. मग फोन महिन्यातून एक, तोही मुलासमोर, असं ठरलं. काकांना गणित येत नव्हतं, ते त्यांनी सरळ सांगितलं. वर्गशिक्षिकेला भेटायला मात्र ते त्याच्यासोबत गेले. तेवढं पुरलं.

सहीची गोष्ट त्यानं आईला त्यानंतर तीन आठवड्यांनी सांगितली. ओट्याशी उभं राहून, भेंडी पुसता पुसता.