होज परत पाठवू नका, तक्रार आधी दाखल करा

दुरुस्तीला दिलेली वस्तू बिघडली, कारागीर 'बघू, करून देतो' म्हणत राहिला आणि वर्ष कधी उलटलं ते कळलंच नाही, अशी पत्रं सतत येतात. वस्तू तेवढी बदलते. या वेळी ती आहे १९७२ च्या पोर्शे ९११ चे मूळचे ऑइल होज, म्हणजे तेल वाहून नेणाऱ्या नळ्या. धातूची जुनी टोकं राखून वाचकाने त्यांवर नवं रबर चढवून घेतलं. चार महिन्यांनी चालत्या गाडीत एक होज टोकावरून निसटला, तेल गेलं, इंजिनाची बेअरिंग गेली. वर्कशॉप म्हणतं, बसवताना तुम्हीच पीळ दिलात. बिलावर छापलंय, 'ग्राहकाने दिलेल्या भागांची हमी नाही'. आणि आता निरोप आलाय, होज पाठवा, फुकट करून देतो. पाठवू का, असं विचारलंय.

अजिबात पाठवू नका. पण त्याआधी तारीख बघा.

होज ताब्यात आल्याला २३ महिने झाले, निसटल्याला १९. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हायला हवी. शेवटचा मेसेज आला तिथून मुदत मोजायची, असं तुम्ही धरून चाललात. ते चूक आहे. नुसत्या पत्रव्यवहाराने, आश्वासनांनी किंवा नोटिशीने मुदत लांबत नाही. कारण होज निसटला त्या दिवशी घडलं, असं आपण म्हणू. समोरचा वकील ते होज ताब्यात दिल्याच्या दिवसापर्यंत मागे नेईल. त्या वादात शिरायचंच कशाला? त्याच्या हिशेबानेही तुमच्याकडे अजून एक महिना आहे. त्या महिन्यातच दाखल करा. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण 'ते करून देतो म्हणाले म्हणून थांबलो' हे कारण पुरेसं ठरेलच, असं मी सांगणार नाही. तक्रारीआधी वकिलाची नोटीस पाठवलीच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. तिच्या उत्तराची वाट पाहण्यात हा महिना घालवू नका. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते.

आता होज. तुमचा खरा साक्षीदार तोच, आणि तो तुम्ही उलट बाजूच्या हातात द्यायला निघालात! नवी फेरुल, म्हणजे होज टोकावर आवळून धरणारं धातूचं कडं, बसली की जुन्या कामाचा पुरावा संपला.

या कामात जुनी फेरुल उभी चिरून काढतात. खालच्या निपलवर, म्हणजे होज ज्यावर चढतो त्या धातूच्या टोकावर, ओरखडा उठू न देणं हे त्यातलं कौशल्य. मग नवा होज निपलच्या बुडापर्यंत सरकवून नवी फेरुल ठरलेल्या व्यासापर्यंत दाबतात. दाब कमी पडला तर होज निसटतो, जास्त झाला तर आतलं अस्तर कापलं जातं. निसटलेल्या टोकाच्या आत टॉर्च मारून बघा. निपलच्या कडांचे वळ रबरावर उमटलेले असतात. निपलवर चार कडा आणि आत वळ दोनच, तर होज पूर्ण सरकवलाच नव्हता, आणि ते काही गाडीत बसवताना पीळ दिल्याने होत नाही. होजच्या अंगावरची छपाईही पुसू नका. बऱ्याच होजवर तयार झाल्याची तिमाही आणि वर्ष असतं. रबर जुन्या साठ्यातलं होतं का, ते तिथे कळतं. तो तेलाला चालणारा होज होता का, हाही प्रश्न आहे. खनिज तेलात नायट्राइल रबर टिकतं, ईपीडीएम नावाचं रबर फुगतं.

तुम्ही होज डिझेलने धुऊन ठेवलाय, असं लिहिलंय. कशासाठी धुतलात? आता तरी हात लावू नका. फेरुलचा व्यास वर्निअरने मोजतानाचे फोटो काढा, होज पिशवीत बंद करा. चाचणीशिवाय दोष ठरत नसेल तर कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. तशी मागणी तक्रारीतच करा. चाचणी लागली तरी पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात प्रकरणं वर्षानुवर्षं तारखांवर लोंबकळतात, आणि तोवर ते रबर कडक होत जातं. म्हणून आजचे फोटो महत्त्वाचे.

बिलावरच्या वाक्याला फार घाबरू नका. धातूची टोकं तुमची होती. रबर, फेरुल आणि दाबण्याचं काम त्यांचं. निसटला तो सांधा त्यांच्या कामाचा. आयोग हे किती मानेल ते चाचणीच्या अहवालावर राहील.

इंजिनाच्या भरपाईचं मात्र अवघड दिसतं. या गाडीत बहुतेक तेल वेगळ्या टाकीत असतं, त्यामुळे होज निसटला की इंजिन लवकर कोरडं पडतं. तेलाचा धोक्याचा दिवा लागल्यावरही तुम्ही 'दोन-तीन किलोमीटर' गाडी रेटलीत. नुकसान आटोक्यात ठेवायची संधी तुम्हाला होती, हे उत्तरात पहिल्याच पानावर येईल. वाक्य लपवू नका, पण इंजिनाची मागणी होजच्या मागणीपासून वेगळी मांडा. इंजिनाची फेटाळली तरी होजची उभी राहील.

गाडी शूटिंगला किंवा लग्नांना भाड्याने देत असाल तर आधी कळवा. मग वापर व्यावसायिक म्हणून तुम्ही कायद्याने 'ग्राहक' ठरता का, इथूनच वाद सुरू होईल आणि कदाचित दिवाणी दावा लावावा लागेल. त्याची मुदत साधारण तीन वर्षांची.

मेसेज डिलीट करू नका, त्यांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. आणि वर्कशॉपला आज एवढंच लिहा: 'होज तपासणीसाठी राखून ठेवला आहे. पाहायचा असल्यास माझ्या समक्ष पाहावा.'