ऊद, उदमांजर आणि आपले बातमीदार

पैठणच्या एका वाचकाने विचारलंय: ‘पाणथळ जागांतलं रासायनिक प्रदूषण ओळखायला उदमांजरांचा उपयोग होतो, असं पेपरात वाचलं. उदमांजर म्हणजेच पाणमांजर का? अशा प्रदूषण दाखवून देणाऱ्या प्राण्याला मराठीत काय म्हणावं?’

नाही हो, नाही! हे वाचून वाचून डोकं उठलंय. उदमांजर माळवदाच्या सांदीत राहतं, रात्री फळं खातं, शिंदीवर चढून मडक्यात तोंड घालतं. त्याची विष्ठा तपासाल तर बियाच बिया निघतील. नदीत मासे धरतो तो ऊद, म्हणजेच पाणमांजर. घोळ हिंदीमुळे झालाय. तिकडे याला ऊदबिलाव म्हणतात, आणि बातमीचं भाषांतर करणाऱ्याने बिलावाचं मांजर केलं की झालं.

आता खरी गंमत ऐका. ऊद आला संस्कृत ‘उद्र’वरून, उदकाच्याच गोतातला. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात, उद्र, लिथुआनियात ऊद्रा, रशियात विद्रा, इंग्रजांचा ऑटर, इतकंच काय, ग्रीकांचा पाणसर्प हायड्रासुद्धा याच घरचा. त्याच अवेस्तात तर ऊद मारणाऱ्याला दहा हजार फटके सांगितलेत!

मग उदमांजरातला ‘उद’ कोणता? काही पंडित तोही ‘उद्र’च धरतात. अहो, पाण्यातलं जनावर मराठीत येऊन झाडावर कसं चढलं, ते तरी सांगा! माझ्या मते हा उद अरबी: खुलताबादेत दर्ग्यात जळतो तो सुगंधी धूप. या जनावराच्या शेपटीखाली वासाच्या ग्रंथी असतात, आणि त्याच्याच भावकीतल्या जवादी मांजराचा स्राव अत्तरात घालतात. कुणी म्हणेल, नाव उदी रंगावरून पडलं. पण तो रंग तरी कुठून आला? या धुपाच्या ऊदावरूनच.

हां, प्रदूषण राहिलंच. शेतातली औषधं, कारखान्याची घाण पाण्यातून माशांत जाते. मासे खाणाऱ्या ऊदाच्या अंगात ती साठत राहते. ब्रिटनमध्ये 1950च्या दशकाच्या अखेरीस डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांनी ऊद झपाट्याने घटले. कार्डिफ विद्यापीठ 1992पासून मेलेले ऊद गोळा करतंय. बहुतेक रस्त्यावर गाडीखाली आलेले. त्यांच्या यकृतात कोणतं रसायन किती, ते तपासतात.

‘सूचक प्राणी’ म्हणा, चालेल. फक्त उदमांजर म्हणू नका.