मामाची वही आणि मामीचा अर्धा वाटा

मावशी,

मी एकतीस वर्षांची, पणजीत नोकरी करते. आई गेल्यावर मामा-मामीने मला फोंड्याजवळच्या त्यांच्या घरी वाढवलं. मामा हायस्कूलात गणित शिकवायचा, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर पोकर खेळायला लागला, तो अजून खेळतोच आहे. विचारलं तर म्हणतो, "हा जुगार नव्हे, डोक्याचा खेळ आहे. एकूण हिशेब काढलास तर मी वरच आहे." त्याची एक निळी वही आहे. चवथीला मी ती गुपचूप उघडून बघितली. तारखा आणि आकडे आहेत, पण फक्त जिंकलेले. हरलेला एकही नाही.

गेल्या एप्रिलात कौलं परतायची म्हणून त्याने माझ्याकडून दोन लाख घेतले. चवथीला गेले तर छपरावर निळी ताडपत्री, आणि गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या माटोळीखाली पाणी धरायला मामीने टोप ठेवलेला. त्याच आठवड्यात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदीचा नवा कायदा आला, त्याचं ॲप बंद पडलं. मला वाटलं, सुटलो. पण आता कोणी एजंट भेटलाय. तो व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवतो, मामा पैसे भरतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मागच्या पडवीत बसतो. दोघांच्या नावावरची एक एफडी मोडलेली मी पासबुकात पाहिली. मामीला यातलं काहीच ठाऊक नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाला, "माझ्याकडून वजाबाकी शिकलीस आणि आता मलाच हिशेब शिकवतेस?" पुढे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याच्या तोंडून हे कबूल कसं करवून घेऊ? आणि मामीला सांगू की नको?

तुमची भाची, पणजी

---

बाय,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या टोपापाशी अडखळले. चवथीच्या दिवशी देवासमोर ठिबकणारं पाणी बघून मामीच्या मनात काय आलं असेल, आणि ते पाहून मामाच्या मनात काय आलं असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं.

तुझा पहिला प्रश्न आधी घेते. कबूल करवून घ्यायचा नाद सोड. तो तुझ्याशी खोटं बोलतोय असं तुला वाटतंय, पण ती वही त्याने तुला दाखवायला लिहिलेली नाही. ती तो रात्री एकटा बसून स्वतःसाठी लिहितो. उभा जन्म मुलांना वजाबाकी शिकवलेला माणूस स्वतःच्या वहीत वजाबाकी मांडत नाही, कारण ती मांडली तर खाली काय उत्तर येईल हे त्याला पक्कं माहीत आहे. अशा माणसाला तू पासबुक पुढे करून हरवायला गेलीस, तर तो हरणार नाही, तुझ्यापासून लांब जाईल. दोन दिवसांचा अबोला तू बघितलाच आहेस.

पोकरची सबब मोडणं आणखी कठीण, कारण त्यातला अर्धा भाग खरा असतो. आमचे बाबा मटका लावायचे. आकडा लागला नाही म्हणजे नाही लागला, त्याला पुढे बोलायला जागा नसे. पोकरमध्ये डोकं लागतं हे खरंच. हातात येणारी पहिली दोन पानं एक्के असायची शक्यता २२१ डावांत एक, हे मामा झोपेतही सांगेल. पण त्याच दोन एक्क्यांसमोर कोणी दोन राजे घेऊन बसला आणि दोघांनी सगळे पैसे लावले, तरी पाचांतून जवळजवळ एकदा राजेच जिंकतात. मग मामा म्हणणार, "मी बरोबरच खेळलो, रिव्हरला, शेवटच्या पानाला मार पडला." आणि त्या एका डावापुरतं ते खरंही असतं. असे शंभर खरे डाव जोडून एक खोटा हिशेब उभा राहतो. हरण्याला त्यांच्यात शब्दही तयार असतात. व्हेरियन्स म्हणजे नशिबाचे चढउतार, डाउनस्विंग म्हणजे सलग हरण्याचा काळ. मामाच्या तोंडी तू ते ऐकले असतीलच.

त्या हिशेबात जे धरलं जात नाही ते टेबलाचं भाडं. प्रत्येक डावातून चालवणारा आपला हिस्सा कापतो, त्याला ते रेक म्हणतात, बहुतेक ठिकाणी पाच टक्क्यांच्या आसपास. समज, सहा जण पाच-पाच हजार घेऊन बसले, सगळे सारखेच हुशार. डावात सरासरी चारशे रुपये जमतात, त्यातले वीस चालवणाऱ्याचे. तासाला साठ डाव म्हटले तर बाराशे गेले. पाच तासांत सहा हजार. एकाचंही पान चुकलं नाही, तरी प्रत्येक जण हजार रुपये कमी घेऊन उठणार. टेबलावर बाहेरून पैसा येत नाही, तो फक्त जातो. वर राहायचं तर बाकी पाच जणांपेक्षा नुसतं बरं असून भागत नाही, हे भाडं भरून उरेल इतकं बरं असावं लागतं. आणि एजंटच्या ॲपवर त्या पाचांतले तिघे एकाच खोलीत बसून एकमेकांची पानं बघत खेळत असतील, तर ते बघणारं कोणी नाही.

तुला स्वतःच्या मनाची खात्री करून घ्यायची असेल तर एक जागा सांगते. एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांत निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर कापला जायचा. भरलेल्यापेक्षा जास्त काढले की कापणी. मामा खरोखर वर असता, तर ॲप चालू होतं तेव्हाचा हा कर त्याच्या आयकराच्या २६ एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यात, दिसला असता. त्याचं रिटर्न तू भरून देत असशील तर तुला ते पान ठाऊकच असेल. पण ते त्याच्यासमोर आपटू नकोस. ते तुझं मन डळमळू नये यासाठी आहे. त्याने पुन्हा "मी वरच आहे" म्हटलं की वाद घालायचा नाही. "बरं" म्हणायचं आणि घरातल्या पैशांबद्दल बोलायचं.

कारण आता घाई कबुलीची नाही, पैशाची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, त्यातली बंदी पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांना लागू आहे, नशिबाचे असोत की डोक्याचे. मामाची "हा कौशल्याचा खेळ" ही ढाल त्या कायद्यात चालत नाही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, एवढं त्याला जरूर सांग, कारण पोलिसांच्या भीतीने माणसं गोष्ट आणखी खोल लपवतात. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणूनच उघड चालणारी ॲपं बंद झाली आणि अंधारातले एजंट पुढे आले. त्या क्यूआरवर दर वेळी वेगळं नाव येत असेल बघ. ती भलत्याच लोकांची खाती असतात, त्यांत फसवणुकीचाही पैसा फिरतो. मामा कधी जिंकला आणि तशा खात्यातून त्याच्याकडे पैसे आले, तर सायबर तपासात त्याचं पेन्शनचं खातंच गोठू शकतं. तेव्हा औषधाला पैसे काढायचीही पंचाईत होईल. हे त्याला शांतपणे सांगता येण्यासारखं आहे, कारण यात त्याच्या गणितावर बोट ठेवलेलं नाही.

मांडवीतल्या कॅसिनोंत गोमंतकीयांना फेब्रुवारी २०२० पासून प्रवेशबंदी आहे. "मी कधी कॅसिनोची पायरी चढलो नाही" असं मामा अभिमानाने सांगत असेल आणि ते खरंच असेल. सरकारने आपल्या माणसांना ज्यापासून लांब ठेवलं, तेच पडवीत, चार्जरला लावलेल्या फोनवर येऊन बसलं. मला या गोष्टीचा फार राग येतो, आणि तो राग मामावर नाही.

आता मामी. तू विचारतेस, सांगू की नको. आपण गोव्यात आहोत, इथे याचं उत्तर कायद्यानेच देऊन ठेवलंय. मामा-मामीचं लग्न इथे नोंदवलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या नागरी कायद्याप्रमाणे दोघांची मालमत्ता एकच, आणि त्यात अर्धा वाटा मामीचा. ग्रॅच्युइटी मामाच्या नावावर आली तरी त्यातही तिचा वाटा. तिच्या सहीशिवाय ते घर विकता येत नाही. नोंदणी कार्यालयात तिने केलेल्या सह्यांचा अर्थ हा आहे, कदाचित तिलाही कोणी नीट समजावला नसेल. तेव्हा त्या टेबलावर जे गेलं त्यातलं अर्धं मामीचं गेलं, आणि तिला न विचारता गेलं. तिच्यापासून लपवणं म्हणजे तिला जपणं, असं मला वाटत नाही. उद्या कोणी कागद पुढे करून "इथे सही कर" म्हटलं तर ती विश्वासाने करील. त्याआधी तिला कळलं पाहिजे.

पण तू परस्पर जाऊन सांगू नकोस. आधी मामाला संधी दे, आणि तिला तारीख असू दे. शिगम्याला घरी जाशील तेव्हा त्याला एकट्याला गाठ. जेवणानंतर नको, घरात कोणी पाहुणा असताना तर नकोच. सकाळी तो बागेत पाणी घालतो किंवा पाव आणायला निघतो, तसल्या वेळी बरोबर चाल. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना पुरुषमाणसं जास्त बोलतात, हा माझा अनुभव आहे. असं काहीतरी म्हण: "मामा, तू जिंकतोस की हरतोस ते मी विचारत नाही. एफडी मोडलेली मी बघितली आहे. मामीला ते तुझ्या तोंडून कळावं असं मला वाटतं. पुढच्या रविवारी मी येते, तोवर तू सांग. एकट्याने जमत नसेल तर मी शेजारी बसते. पण रविवारनंतर मी तिच्यापासून लपवणार नाही." एवढंच. तो चिडेल. चिडू दे. तूही आवाज चढवलास तर पुढचं भांडण त्या आवाजावरून होईल आणि एफडी बाजूला राहील.

त्या आठवड्यात एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. लपवलेलं उघडं पडतं तेव्हा अशा माणसाला शरमेने जगणं नकोसं होऊ शकतं. गावात "सर" म्हणून मान असलेला माणूस आहे तो. गप्प झाला, जेवण सोडलं, "माझ्यामागे मामीकडे बघ" असलं काही बोलला, तर थेट विचार: "मामा, जीव द्यायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटा सोडायचा नाही आणि त्याच दिवशी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तू स्वतःसाठीही तो लाव. इतके महिने तू हे एकटीने वाहते आहेस.

बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात. पण ताबा सुटलेला जुगार हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आजार म्हणून नोंदलेला आहे. नुकसान दिसत असूनही थांबता न येणं हे त्याचंच लक्षण. त्यावर उपचार होतात, बहुतेक बोलण्याचेच. आणि डॉक्टरांना त्याची सगळी औषधं दाखव. कंपवातासाठी किंवा रात्री पाय तळमळतात म्हणून देतात त्यांतल्या काही गोळ्यांनी जुगाराची ओढ वाढते, हे पुष्कळांना माहीत नसतं. मामा तसली गोळी घेत असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांनाच ठरवू दे.

मामीला कळलं की बँकेत तिघं मिळून जा. यूपीआयची रोजची मर्यादा हजार-दोन हजारांवर आणून ठेवा. पेन्शन जमा झाली की घरखर्चाची रक्कम त्याच दिवशी मामीच्या खात्यात जाईल, अशी कायमची सूचना देता येते. उरलेल्या ठेवी दोघांच्या सहीशिवाय मोडणार नाहीत अशा करून घ्या. मामाने हरलो म्हणायची यासाठी गरज नाही. "सायबरवाले खाती गोठवतात, म्हणून" एवढं कारण त्याला पुरेल आणि त्याचा मानही राहील. कोणी फोन करून "बुडालेले पैसे मिळवून देतो" म्हणालं, तर तीही फसवणूकच, तिथे एक रुपया द्यायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

तुझे दोन लाख. ते परत येतील असं धरून चालू नकोस, आणि भांडणात त्यांचा उल्लेखही करू नकोस. पण यापुढे त्याच्या हातात पैसे द्यायचे नाहीत. "शेवटचे पन्नास हजार, मग सगळं फेडतो" असं तो म्हणेल. तेव्हा तुझ्या घशात आवंढा येईल, तरी नाहीच म्हण. ज्याने शाळेच्या वह्यांना कव्हरं घालून दिली त्याला नाही म्हणणं किती कठीण आहे, हे मला कळतं.

कौलांचं मात्र थांबवू नकोस. जमेल तेवढे पैसे बाजूला काढ, एप्रिलच्या सुरुवातीलाच सुताराला घरी बोलाव आणि वासे किती कुजलेत ते मामीसमोर बघून घे. कौलांचे पैसे दुकानदाराला दे, मजुरी सुताराच्या हातात दे. आणि मोजमाप मामाला करू दे. किती चौरस मीटर, किती कौलं, किती फुटतील म्हणून किती जास्त, हा हिशेब त्याच्याइतका चोख तुमच्या घरात दुसऱ्या कोणाला यायचा नाही.

मामी काय म्हणाली ते मला कळव.

तुझी मावशी