कंपनीच्या पैशाने एमबीए

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात बारा वर्षं नोकरी झाली. एक्झिक्युटिव्ह एमबीएची फी कंपनीने भरावी असं वाटतं. साहेबांकडे विषय कसा काढू?

उत्तर : अप्रेझलच्या दिवशी नको. जानेवारीत, पुढच्या वर्षाचं बजेट ठरण्याआधी काढा. मी एचआरमध्ये असताना ‘माझी प्रगती होईल’ छापाचे अर्ज बाजूला सारायचे. (प्रगती कुणाला नको असते?) एकाने मात्र दीड पान आणलं : रिजेक्शन (बाद होणारा माल) किती, ते कमी करायचा प्रकल्प कोणता, आणि शनिवारी पाळी कोण सांभाळणार त्याचं नाव. निम्मी फी तिथल्या तिथे मंजूर!

बाँड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याचा करार, नीट वाचा. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे मध्येच नोकरी सोडल्यास परतफेडीची रक्कम दरवर्षी घटेल, असं लिहून घ्या.